स्वाइप होणारं पान नेमकं कधी दिसतं? अँड्रॉइडमध्ये तो क्षण पकडण्याची रीत

मोंढ्याचे भाव दाखवणारं एक ॲप डोळ्यांसमोर आणा. मराठवाड्याचे आठ जिल्हे, प्रत्येकाला एक पान, बोटानं सरकवायचं: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड. लातूरचं पान उघडलं की सोयाबीन-तुरीचा भाव आणि आवक सर्व्हरवरून आणायची, हिंगोलीचं उघडलं की हळदीची. मागणी एवढीच. पण अँड्रॉइड स्टुडिओतला नेटवर्क इन्स्पेक्टर लावून बघितलं तर कळतं, की शेतकऱ्यानं उघडलं एकटं लातूर आणि विनंत्या गेल्या तीन: नांदेड, लातूर, धाराशिव. शिवारात रेंजची एकच काडी असते. तिथं लातूरचा भाव शेजारच्या दोघांमागं रांगेत उभा राहतो.

कारण साधं आहे. जुना व्ह्यूपेजर, म्हणजे पानं सरकवण्यासाठीचा अँड्रॉइडचा तयार घटक, डाव्या-उजव्या बाजूचं एकेक पान आधीच तयार करून ठेवतो, म्हणजे बोट फिरवलं की कोरा पडदा दिसत नाही. आणि आपण भाव आणायचा कोड लिहिलेला असतो ऑनक्रिएटव्ह्यू किंवा ऑनरिझ्यूममध्ये, म्हणजे अँड्रॉइड स्वतःहून बोलावतो त्या फंक्शनांत, आणि तो पान तयार होतानाच चालतो. यावर बहुतेकांचा पहिला हात जातो ऑफस्क्रीनपेजलिमिट, म्हणजे बाजूला किती पानं तयार ठेवायची तो आकडा, शून्य करण्याकडे. ते चालत नाही. जुना पेजर शून्य दिलं तरी गुपचूप १ धरतो आणि लॉगमध्ये एक इशारा टाकतो. त्याचा नवा अवतार व्ह्यूपेजर२ तर सरळ एक्सेप्शन फेकतो. तयारी थांबवणं हा मार्गच नाही. तयारी होऊ द्यायची आणि दिसण्याचा क्षण वेगळा पकडायचा.

आधी ठरवा: ‘दिसलं’ म्हणजे कधी?

इथं घाई करू नका, पुढचे निम्मे घोळ इथेच जन्मतात. एका स्वाइपमध्ये ‘दिसण्याचे’ तीन क्षण असतात. पहिला, नव्या पानाची कड पडद्यात शिरते तो. दुसरा, बोट उचलल्यावर आता कोणत्या पानावर जायचं हे पेजर नक्की करतो तो. पान तेव्हा अजून सरकतच असतं. तिसरा, सरकणं थांबून पान जागेवर बसतं तो.

भाव आणणं, व्हिडिओ सुरू करणं, ठरावीक वेळानं ताजी माहिती मागणं, असली जड कामं तिसऱ्या क्षणाला बांधा. वरच्या पट्टीतलं जिल्ह्याचं नाव बदलणं किंवा खालचा ठिपका पुढे सरकवणं दुसऱ्या क्षणाला शोभतं. तिसऱ्यापर्यंत थांबलात तर ॲप सुस्त वाटतं. पहिल्या क्षणाला फक्त आधीच हाताशी असलेला मजकूर दाखवा, जसा कालचा साठवलेला भाव. त्या क्षणी नेटवर्कला हात लावू नका. बोट अर्ध्यातून मागंही येतं.

प्रोजेक्टमध्ये कोणता पेजर आहे ते बघा

लेआउट फाइल उघडून टॅगचं पूर्ण नाव वाचा. अँड्रॉइडएक्स डॉट व्ह्यूपेजर की अँड्रॉइडएक्स डॉट व्ह्यूपेजर२, एका आकड्याचा फरक, पण उपाय पूर्ण वेगळे. व्ह्यूपेजर२ ची १.०.० ही स्थिर आवृत्ती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आली. त्याआधी सुरू झालेल्या ॲपमध्ये जुना पेजर असणार हे धरूनच चाला.

जुना पेजर असेल तर

जुन्या कोडमध्ये सेटयूजरव्हिजिबलहिंट नावाचं फंक्शन सापडेल. पान दिसलं की ट्रू, गेलं की फॉल्स. ऐकायला सोपं वाटतं, पण ते फ्रॅगमेंटच्या, म्हणजे पेजरमधल्या एकेका पानाच्या, जीवनचक्राबाहेर चालतं. पहिल्या पानासाठी ते ऑनक्रिएटव्ह्यूच्याच काय, ऑनॲटॅचच्याही आधी येतं. त्यात टेक्स्टव्ह्यूला हात लावला की ‘नल’वर ॲप कोसळतं, तेही फक्त पहिल्या पानावर, म्हणून चाचणीत कधी दिसतं, कधी निसटतं. शिवाय पानाच्या आत दुसरा पेजर असेल तर बाहेरच्या पानाचा हिंट आतल्या पानांपर्यंत पोचत नाही.

फ्रॅगमेंट लायब्ररीच्या १.१.० आवृत्तीपासून हे फंक्शन बाद ठरवलं गेलं आणि त्याच आवृत्तीत खरा उपाय आला. पेजरला पानं पुरवणाऱ्या फ्रॅगमेंटपेजरॲडाप्टर किंवा फ्रॅगमेंटस्टेटपेजरॲडाप्टरच्या कन्स्ट्रक्टरला दुसरा पॅरामीटर द्या: बिहेव्हियर_रिझ्यूम_ओन्ली_करंट_फ्रॅगमेंट. एवढ्या एका बदलानं शेजारची पानं ‘स्टार्टेड’पर्यंतच (तयार, पण समोर नाहीत) जातात, ‘रिझ्यूम्ड’ होतं ते फक्त समोरचं. मग भाव आणायचा कोड ऑनरिझ्यूममध्ये न्या, थांबवायचा ऑनपॉजमध्ये, आणि सेटयूजरव्हिजिबलहिंट पूर्ण काढून टाका. दोन्ही एकत्र ठेवू नका. हा नवा पर्याय दिल्यावर ॲडाप्टर तो हिंट बोलावतच नाही आणि त्यातला कोड मुकाट मरून पडतो.

लायब्ररी वाढवताच येत नसेल, तर दोन्हीकडून तपासणी लागते: हिंट ट्रू आला आणि फ्रॅगमेंट रिझ्यूम्ड असेल तरच काम करा, आणि ऑनरिझ्यूम आला व हिंट ट्रू असेल तरच काम करा. दोन्हींपैकी जे नंतर येईल ते काम उरकतं. ठिगळच आहे, पण टिकतं.

व्ह्यूपेजर२: इथं बराचसा रस्ता तयार आहे

व्ह्यूपेजर२ आतून रिसायकलरव्ह्यूवर, म्हणजे यादी सरकवणाऱ्या घटकावर, उभा आहे. त्याचा फ्रॅगमेंटस्टेटॲडाप्टर मुळातच समोरच्या पानाला ‘रिझ्यूम्ड’ आणि बाकीच्यांना ‘स्टार्टेड’वर ठेवतो, वेगळा पर्याय द्यावा लागत नाही. प्रत्येक फ्रॅगमेंटच्या सगळ्या टप्प्यांत एकेक लॉगची ओळ टाका आणि जालन्यावरून परभणीवर सावकाश सरका. लॉगकॅटमध्ये, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओतल्या लॉगच्या खिडकीत, क्रम असा उमटतो:

परभणी – ऑनक्रिएट
परभणी – ऑनक्रिएटव्ह्यू
परभणी – ऑनस्टार्ट
पेजर – ऑनपेजसिलेक्टेड, २
जालना – ऑनपॉज
परभणी – ऑनरिझ्यूम

पहिल्या तीन ओळी बोट अजून पडद्यावर असतानाच येतात. चौथी बोट उचलल्यावर. शेवटच्या दोन पान जागेवर बसल्यावर, कारण पेजर स्थिर झाल्याशिवाय ॲडाप्टर कोणालाच रिझ्यूम करत नाही. आधी जुनं थांबतं, मग नवं सुरू होतं, त्यामुळे एका वेळी दोन पानं ‘चालू’ अशी वेळ येत नाही. आता परभणीकडे अर्धं ओढून बोट मागं आणा: पहिल्या तीन ओळी दिसतील, पुढच्या तीन नाहीत. तिसरा क्षण म्हणजे ऑनरिझ्यूम, दुसरा म्हणजे ऑनपेजसिलेक्टेड, हे या सहा ओळींतच लिहिलेलं आहे.

क्रिएटफ्रॅगमेंट या फंक्शनला मात्र दिसण्याची खूण समजू नका. रिसायकलरव्ह्यू पुढचं पान आधीच मागवून ठेवतो, त्यामुळे परभणीवर असतानाच हिंगोलीसाठी ते चालून जातं. तिथं नेटवर्कचं काम लिहिलं तर आपण फिरून सुरुवातीलाच आलो.

आपल्या जिल्ह्यावरच ॲप उघडायचं असेल, तर ॲडाप्टर लावल्या लावल्या सेटकरंटआयटम बोलवा आणि दुसरा पॅरामीटर फॉल्स द्या. उशिरा बोलावलं, तर आधी संभाजीनगरचं पान उघडून त्याचीही विनंती जाते. हे फक्त सेव्हडइन्स्टन्सस्टेट (आधीची जपून ठेवलेली स्थिती) नल असतानाच करा, नाहीतर फोन आडवा करताच बीड बघत बसलेला माणूस फेकला जाऊन लातूरला येतो.

‘स्टार्टेड’ची सवय इथं नडते

हा भाग नीट वाचा, कारण अनुभवी लोकही इथंच अडखळतात. कोरूटीननं (पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामानं) फ्लो, म्हणजे येत राहणाऱ्या माहितीचा प्रवाह, गोळा करताना रिपीटऑनलाइफसायकलला ‘स्टार्टेड’ देणं हाताला बसलेलं असतं. पान त्या अवस्थेत असेपर्यंतच तो काम चालवतो. साध्या स्क्रीनवर ते बरोबरच आहे. पेजरमध्ये मात्र शेजारचं पान स्टार्टेडच असतं. जालन्यावरून परभणीला, तिथून हिंगोलीला गेलात, तरी जालना आणि परभणी मोडलेली नसतात. रिसायकलरव्ह्यूच्या कॅशमध्ये स्टार्टेड अवस्थेत पडून असतात. दर ३० सेकंदांनी भाव ताजा करणारा फ्लो असेल, तर तिन्ही पानं ३० सेकंदांनी सर्व्हरला हात मारत राहतात. पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही. बॅटरी आणि डेटा मात्र जातो.

म्हणून पेजरमधल्या पानात रिपीटऑनलाइफसायकलला ‘रिझ्यूम्ड’ द्या, आणि तो व्ह्यूलाइफसायकलओनरवर लावा, फ्रॅगमेंटवर नाही. फ्लोऐवजी जुना लाइव्हडेटा वापरत असाल तर त्याचा ऑब्झर्व्हरही स्टार्टेडलाच जागा होतो. त्याला फक्त चित्र रंगवू द्या, मागणी ऑनरिझ्यूमवरूनच जाऊ द्या.

रिपीटऑनलाइफसायकलच्या ब्लॉकच्या सुरुवातीला सुमारे ३०० मिलिसेकंदांचा डीले ठेवा आणि मग मागणी पाठवा. एखादा माणूस प्रत्येक पानावर क्षणभर टेकत पुढे जातो. पान पॉज झालं की कोरूटीन रद्द होतो आणि मागणी जातच नाही. भराभर सरकवणाऱ्यासाठी याचीही गरज नसते, कारण पेजर मध्ये स्थिरच होत नाही, म्हणून मधल्या पानांना ऑनरिझ्यूम मिळत नाही. ऑनपेजसिलेक्टेड मात्र प्रत्येक पानाला येतो. भाव आणणं ऑनपेजसिलेक्टेडवर टांगू नये ते यासाठीच. वरच्या टॅबवर टिचकी मारून संभाजीनगरवरून थेट बीडला गेलं तरी तसंच: पेजर आधी तीन पानं अलीकडे उडी मारतो आणि तिथून सरकत जातो. नांदेड, लातूर, धाराशिव तयार होतात, पण रिझ्यूम होत नाहीत.

‘पहिल्यांदाच दिसलं’ हे कुठं लक्षात ठेवायचं

भाव एकदा आणला की प्रत्येक वेळी परत आणायचा नसतो. मग लोक फ्रॅगमेंटमध्ये एक बूलियन ठेवतात. चार-पाच पानं पुढं जाऊन परत या: बूलियन पुन्हा फॉल्स. कॅशमधून बाहेर पडलेलं पान ॲडाप्टर काढून टाकतो आणि परतल्यावर नवा फ्रॅगमेंट बांधतो. बूलियन त्या फ्रॅगमेंटच्याच व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या वस्तूत) ठेवला तरी उपयोग नाही, कारण फ्रॅगमेंट काढला की त्याचं व्ह्यूमॉडेलही पुसलं जातं. पेजर ज्या ॲक्टिव्हिटीत किंवा पालक फ्रॅगमेंटमध्ये आहे तिच्या व्ह्यूमॉडेलमध्ये एक मॅप ठेवा: जिल्ह्याचा आयडी, आणलेला भाव, आणल्याची वेळ. ऑनरिझ्यूममध्ये बघा, वेळ ५ मिनिटांपेक्षा जुनी असेल तरच मागणी पाठवा. बूलियनपेक्षा वेळ बरी. दुपारी सौदे चालू असताना ॲप उघडं राहिलं तरी शिळा भाव चिकटून बसत नाही.

आयडीवरून एक गोष्ट. ‘माझा जिल्हा पहिला’ अशी सोय दिलीत आणि पानांची अदलाबदल झाली, तर क्रमांकावर चालणारा ॲडाप्टर जुनंच पान दाखवत राहतो: टॅबवर परभणी, आत जालना. गेटआयटमआयडी आणि कंटेन्सआयटम ही दोन्ही फंक्शनं एकत्र ओव्हरराइड करा. एकच केलं तर पान हरवतं. आयडी म्हणून नाव वापरू नका. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं बदलली, तेव्हा नावाची किल्ली करून साठवलेली माहिती अनाथ झाली असती. २०११ च्या जनगणनेचे जिल्हा क्रमांक सोयीचे पडतात. जालना ५१४, लातूर ५२४. ते पूर्णांकच असल्यानं गेटआयटमआयडीला जसेच्या तसे देता येतात.

ऑनरिझ्यूम येतो, पण पान बदललेलंच नसतं

फोन येऊन गेला, व्हॉट्सॲपवर जाऊन परत आला, लोकेशनची परवानगी विचारणारी खिडकी उघडून मिटली: प्रत्येक वेळी समोरच्या पानाला ऑनपॉज आणि ऑनरिझ्यूम मिळतो. भाव आणण्यासाठी हे ठीक, वरची ५ मिनिटांची अट सांभाळून घेते. परवानगी मात्र ऑनरिझ्यूममधून मागू नका. खिडकी मिटली की पुन्हा ऑनरिझ्यूम, पुन्हा मागणी, असं चक्र लागतं.

कोणतं पान किती वेळा बघितलं हे मोजायचं असेल, तर तिथं ऑनपेजसिलेक्टेडच योग्य. इथंही दोन पेजरांत फरक आहे. जुना पेजर सुरुवातीच्या शून्याव्या पानासाठी हा कॉलबॅक देत नाही, त्यामुळे पहिलं पान मोजणीतून गळतं. व्ह्यूपेजर२ देतो, पण फोन आडवा-उभा केला की परत देतो आणि एकाचे दोन होतात. शेवटचा मोजलेला आयडी व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवून तोच परत आला तर सोडून द्या.

उलट बाजूही आहे. तुमच्याच ॲपनं उघडलेला डायलॉग किंवा वरून ओढलेला नोटिफिकेशनचा पडदा पान झाकतो, पण ऑनपॉज येत नाही. आणि अँड्रॉइड ९ पर्यंत पडदा दुभागून दोन ॲप लावली, तर ज्याला शेवटचा स्पर्श झाला तेवढंच रिझ्यूम्ड राहतं. तुमचं पान डोळ्यांसमोर असूनही पॉज. अँड्रॉइड १० पासून दोन्ही रिझ्यूम्ड राहतात. भावांच्या ॲपला याचं सोयरसुतक नाही, व्हिडिओवाल्यानं मात्र जुन्या फोनवर तपासावं.

पेजरच्या आत पेजर, आणि खालची पट्टी

जिल्ह्याच्या पानात पुन्हा तालुक्यांचा पेजर असेल, तर आतल्या ॲडाप्टरला फ्रॅगमेंट स्वतः द्या, म्हणजे ‘धिस’. रिक्वायरॲक्टिव्हिटी देऊ नका. फ्रॅगमेंट दिला की आतली पानं चाइल्डफ्रॅगमेंटमॅनेजरमध्ये जातात आणि बाहेरचं पान स्टार्टेडवर उतरलं की आतली आपोआप खाली येतात. ॲक्टिव्हिटी दिली तर आतल्या पानाला बाहेरचं पान गेल्याची खबरच लागत नाही. हिंगोलीच्या पानावरून पुढं गेलात तरी वसमतचं आतलं पान रिझ्यूम्डच राहून हळदीचा भाव मागत बसतं.

खालच्या पट्टीतून ‘भाव’, ‘हवामान’, ‘खाते’ असे फ्रॅगमेंट शो-हाइडनं बदलत असाल, तर हाइड झालेला फ्रॅगमेंट रिझ्यूम्डच राहतो. ऑनहिडनचेंज्ड येतो, ऑनपॉज नाही. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये हाइडसोबत सेटमॅक्सलाइफसायकल स्टार्टेड आणि शोसोबत रिझ्यूम्ड द्या. मग वरपासून खालपर्यंत एकच भाषा: रिझ्यूम्ड असेल तर दिसतंय.

कंपोज, फ्लटर, आयओएस

जेटपॅक कंपोजच्या हॉरिझॉन्टलपेजरमध्ये पानाला स्वतःचं जीवनचक्र नसतं, पण क्षण नावानिशी वेगळे दिले आहेत. पेजरस्टेटमधलं करंटपेज अर्ध्याच्या आसपास बदलतं, टार्गेटपेज कुठं चाललंय ते सांगतं, आणि सेटल्डपेज पान बसल्यावरच बदलतं. लाँच्डइफेक्टमध्ये स्नॅपशॉटफ्लो लावून सेटल्डपेज गोळा करा. पानाच्या आतच लाँच्डइफेक्ट ठेवला तर कोपरा आत येताच तो चालतो. ॲपमध्ये परतल्यावरही कळायला हवं असेल तर लाइफसायकलरिझ्यूमइफेक्टची जोड द्या.

फ्लटरच्या पेजव्ह्यूमधला ऑनपेजचेंज्ड अर्ध्यावरच येतो. बसल्याचा क्षण हवा तर नोटिफिकेशनलिसनरमधून स्क्रोलएंडनोटिफिकेशन ऐका. टॅबकंट्रोलरचा लिसनर टॅबवर टिचकी मारली की दोनदा वाजतो, म्हणून इंडेक्सइजचेंजिंग फॉल्स असतानाच काम करा.

आयफोनवर यूआयपेजव्ह्यूकंट्रोलर वापरताना व्ह्यूविलअपिअरवर विसंबू नका. बोट अर्ध्यातून मागं आलं तरी तो येऊन गेलेला असतो. व्ह्यूडिडअपिअर धरा. पण अँड्रॉइडची सवय इथं उलटी पडते: ॲप पार्श्वभूमीतून परतल्यावर व्ह्यूडिडअपिअर येत नाही, त्यासाठी ॲप सक्रिय झाल्याची नोटिफिकेशन वेगळी ऐकावी लागते.

हातानं तपासताना

लॉगकॅट उघडा ठेवून हे करून बघा. अर्धं ओढून सोडा: ऑनरिझ्यूम येता कामा नये. आठही पानं भराभर पार करा: विनंती फक्त शेवटच्या पानाची जावी. पहिल्यावरून सहाव्यावर जाऊन परत या: ५ मिनिटांच्या आत परतलात तर पहिल्या पानाची पुन्हा विनंती नको. फोन आडवा करा: मोजणी वाढू नये. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ हा पर्याय चालू करून होम दाबा आणि परत या: तेच पान उघडावं आणि विनंती फार तर एक जावी. शेवटी एम्युलेटरचा नेटवर्क वेग ‘एज’वर (जुन्या, मंद नेटवर्कवर) टाकून लातूर उघडा आणि लगेच धाराशिवला सरका. लातूरचं उत्तर उशिरा येऊन धाराशिवच्या पानावर उमटलं, तर मागणी रद्द होत नाहीये. कोरूटीन व्ह्यूलाइफसायकलओनरच्या स्कोपमध्ये आहे का, की चुकून ग्लोबलस्कोपमध्ये (पान गेलं तरी न थांबणाऱ्या स्कोपमध्ये) गेला आहे, ते बघा.